वळणावरची हाक

सत्यशीलाने मांडवातली पोरं पुन्हा मोजली. पुन्हा एक कमी.

"शिवकन्या कुठं गेली रे?"

पोरं दुष्काळी कामावर वाटलेल्या सुकडीचे बकाणे भरून बसली होती. एकानं बोट सडकेकडं केलं, दुसऱ्यानं खदानीकडं, आणि तिसरीनं तर सरळ आभाळाकडं.

साल दुष्काळाचं. बहात्तरचा पाऊस दगा देऊन गेला तो गेलाच, आणि आता उन्हाळ्यात अख्खं गाव खडी फोडायला बसलं होतं. गावापासून जाफराबादच्या डांबरी सडकेपर्यंत नवा रस्ता होत होता. त्याच्या कडेनं बायकांची रांग, अशी लांबलचक की या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला दिवसभर दिसायची नाही. त्यांची लेकरं सांभाळायला मुकादम कारभारीनं बौद्धवाड्यातल्या सत्यशीलाला ठेवलं होतं. नववी शिकलेली पोर. नुसती लेकरं राखत बसणं तिच्यानं होईना. पऱ्हाट्यांच्या त्या मांडवात ती शिकवायला लागली. पेटीत टाकलेलं कार्ड मामाच्या गावाला कसं पोचतं, तार कशी जाते, शाळेची घंटा झाली की काय करायचं. पाटी नव्हती, म्हणून सगळं ओवीत. चाल आईची जात्यावरची, शब्द हिचे. आज येष्टीची पाळी होती.

लाल लाल येष्टीबाई, उभी डांबरी वाटंला
हात दाव शिवकन्ये, नेईल तुला शाळेला

रोज एका लेकराचं नाव ओवीत गुंफायचं, हा तिचा रिवाज. नाव आलं की ते लेकरू दिवसभर आनंदानं मिरवत बसायचं.

शिवकन्या पाच वर्षांची, द्वारकाबाईची. द्वारकाबाईचं घर जमीनवालं. दुसऱ्याच्या कामावर हातोडा धरायची वेळ तिच्यावर याच साली आली होती. पोरीला सोडताना ती पाण्याचा तांब्या वेगळा आणायची, कोपऱ्यात ठेवायची आणि सत्यशीलाकडं न बघता म्हणायची, "हिचं पाणी हिलाच."

"बराबर," सत्यशीला म्हणायची, आणि आतल्या आत चरफडायची.

तांब्या कोपऱ्यात तसाच होता, काठोकाठ भरलेला. पोर तहानेली गेली होती.

बाहेर ऊन असं की डोळे दिपून जावेत. खडीच्या ट्रका ये-जा करत होत्या. आणि खदानीत दुपारी सुरुंग उडायचा. लाल फडकं वर चढलं की बायका हातोडे टाकून मागं सरायच्या. एवढ्याशा पोरीला फडक्याचं काय कळणार?

सत्यशीला नव्या रस्त्यापर्यंत धावली, परत फिरली. बाकीची पोरं सोडून जावं तर त्यातलं आणखी एखादं सुटायचं. पुन्हा गेली, पुन्हा आली. उपाय एकच होता, हाक. रांगेतले सगळे निरोप तसेच जायचे, एकीकडून दुसरीकडं, दुसरीकडून तिसरीकडं. पण मधे, टेकाडाच्या वळणावर, द्वारकाबाई बसायची. अलीकडची हाक तिच्यावाचून पलीकडं जात नसे. पोर हरवल्याचा निरोप पोरीच्या आईच्याच तोंडून पुढं जाणार होता.

आधी गुपचूप शोधावं का? कळलं तर उद्या मांडव ओस पडेल. आपली लेकरं बौद्धवाड्यातल्या बाईपाशी बसतात, हे तसंही कुणाकुणाला खुपतच होतं. तिच्या पायाला थारा नव्हता. शेवटी तिनं तोंडाभोवती हात धरले.

"गिरिजामावशे, शिवकन्या मांडवात न्हाई. सुरुंग थांबवा म्हणावं. पोर कोणाला दिसली का इचार, जल्दी."

रांगेतली पहिली गिरिजाबाई. तिचा हातोडा हवेतच राहिला. "म्हंजी द्वारकीची?"

"हो. सांग पुढं."

"आगं, मधी तीच बसलीय ना. ती ऐकल."

"ऐकू दे."

निरोप निघाला. जाताना तो दिसत होता. एकेक मान वळत होती, एकेक हातोडा थांबत होता, रांगेची ठकठक विझत विझत लांब चालली होती. वळणावर द्वारकाबाई उभी राहिली. तिनं मांडवाकडं बघितलं. इतक्या लांबून चेहरा दिसत नव्हता, ते बरंच. मग ती धावत सुटली आणि टेकाडाआड नाहीशी झाली.

झालं, सत्यशीलाला वाटलं. हाक वळणावरच तुटली. आता निरोप तिच्या पायांच्याच वेगानं जाणार, आणि खदान तर टेकाडाच्याही पुढं.

पण टेकाडावर पुन्हा पदर फडफडला. द्वारकाबाई परत आली होती. वळणावरच्या दगडावर चढून, पलीकडं तोंड करून ती ओरडत होती. शब्द कळत नव्हते, आवाज येत होता. जीव पुढं ओढ घेत असणार, पण ती दगडावरून हलली नाही.

"बाई, माझं नाव कवा घेता?" मागून मांडवातल्या रामकिसननं विचारलं.

"गप रे राजा."

सुरुंग उडाला नाही. वारा नाही, ट्रक नाही, काहीच नाही. मग एकाएकी द्वारकाबाई त्या दगडावर मटकन खाली बसली. असं बसणं कशाचं असतं?

ठकठक पुन्हा सुरू झाली. आधी लांबची, मग जवळची. गिरिजाबाई उठून मांडवाकडं आली ती हसतच.

"सापडली गं. रानातल्या आडवाटंनं गेली, म्हणून रांगेत कुणाला दिसली न्हाई. डांबरी सडकेला हात वर करून उभी व्हती, येष्टीसाठी. तिथल्या बाया म्हणल्या, काहून आलीस? तर म्हणती, बाईनं माझं नाव घेतलं."

सत्यशीलाला आता उमगलं. मुकादमानं हजेरीत नाव घेतलं की उठायचं. सुकडी वाटताना नाव आलं की उठायचं. या लेकरांना नाव घेणं म्हणजे एवढंच ठाऊक होतं. ती रोज एकेकाला उठवत होती. आज एक उठली.

"अन् द्वारकाबाई काय म्हणली?"

"तिनं तिचं येगळं जोडून दिलंय. रागात हाय, ऐकून घे."

"सांग."

"म्हणती, त्या बाईला म्हणावं, उद्या पोरीला हेबी शिकव. येष्टीला हात दावायच्या आधी आईला इचारायचं असतं."

"उद्या म्हणली?"

"उद्या म्हणली. मी काय मनचं सांगून राह्यले?"

गिरिजाबाई हातोड्याकडं परत गेली. सत्यशीला मात्र खाली बसली नाही. वळणावर तो इवलासा परकर दिसेपर्यंत ती मांडवातून रस्त्यापर्यंत आणि रस्त्यावरून मांडवापर्यंत येरझाऱ्याच घालत राहिली.