माझ्यातली जुनी हवा

मी एक जुना बर्फाचा तुकडा आहे. इतका जुना, की तुमच्या पणजोबांचे पणजोबाही माझ्यापुढे कालपरवाचे. आणि मित्रांनो, मी भित्रा आहे. तुम्हाला हवीहवीशी वाटणारी ऊब नुसती जाणवली, तरी मी अंग चोरून घेतो.

ध्रुवावर मी हिम होऊन पडलो. वर थर साचले, मी दबत गेलो आणि त्या काळची हवा बुडबुड्यांत अडकून माझ्यातच राहिली. पुढे माणसांनी खोल छिद्र पाडून मला बाहेर काढले आणि एका शीतकोठीत आणून ठेवले.

तिथल्या संशोधक बाई माझ्या भावंडांचे काप काढून त्यांतली हवा तपासत. "कारखाने नव्हते तेव्हाची हवा कशी होती, हे दुसरं कोण सांगणार?" असे कौतुकाने म्हणत. पुढे जग किती तापेल, समुद्र कुठवर चढेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येई. मला मात्र त्यांनी अजून न जन्मलेल्या संशोधकांसाठी राखून ठेवले होते.

गारवा जरा कमी झाला की कोठीची घंटी वाजे. नुसते दार उघडले तरी वाजे. कोठीचे यंत्र सांभाळणारा मेकॅनिक वैतागला. "मॅडम, हिला ओरडायला कारणच लागत नाही!" म्हणत त्याने तिच्यात फडक्याचा बोळा कोंबला. बाई हसल्या आणि विसरून गेल्या.

एका सुट्टीच्या दिवशी यंत्र बंद पडले. घंटी आतल्या आत घुसमटली. मला दरदरून घाम फुटला. शेजारचा तुकडा ठिबकू लागला. आम्हाला ओरडताही येईना.

राहिलेले काम उरकायला बाई लेकीला घेऊन आल्या, म्हणून बरे.

"आई, दाराखालून पाणी येतंय!"

बाईंनी धावत येऊन दार उघडले. चालू असा एकच छोटा फ्रीजर होता. हाताला लागतील ते तुकडे त्यांनी त्यात भरले. शेवटचा मी. शेजाऱ्याला जागा उरली नाही.

"आई, रडू नकोस ना. ते पाणी परत गोठव."

"गोठेल गं. पण आतली हवा उडून गेली. ती कुठून आणू?"

मित्रांनो, मी वाचलो, पण माझी धडधड थांबलेली नाही. मी आलो तिथला अफाट बर्फही आता वितळतो आहे. आहे तिथेच त्याला जपा. मला निदान एक फ्रीजर मिळाला. त्याला कुठे ठेवाल?