कवळीला पॉलिश

आई गेली तेव्हा हॉस्पिटलच्या नर्सबाईंनी तिचा चष्मा, घड्याळ आणि कवळी एका पिशवीत घालून माझ्या हातात दिली. चष्मा आणि घड्याळ कपाटात गेलं. कवळी मी पाण्याच्या पेल्यात टाकून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. यात माया वगैरे काही नव्हती. मी कवळ्या बनवते, तोच माझा धंदा, आणि कवळी कोरडी पडली की वाकते. वाकलेली कवळी माझ्याने बघवत नाही.

ही कवळीही मीच बनवलेली, नऊ वर्षांपूर्वी. आई ती फक्त जेवताना लावायची, एरवी एप्रनच्या खिशात ठेवायची. "बोलायला दात कशाला लागतात?" असं म्हणायची आणि दिवसभर दातांशिवाय बोलायची. त्यातलं निम्मं कुणाला कळायचं नाही. नीट कळायचं ते जेवतानाचं बोलणं, आणि ते सगळं जेवणाबद्दल असायचं.

आई गेल्यावर बाबांनी खाणं सोडलं. रुसले नाहीत, रडले नाहीत. ताटासमोर बसायचे, सूपमध्ये चमचा फिरवायचे आणि सूप गार झालं की उठायचे. दीड महिन्यात सहा किलो गेले. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, काटा पंचेचाळीसच्या खाली गेला तर नाकातून नळी घालावी लागेल, आणि या वयात नळी घातलेला माणूस सहसा पुन्हा ताटावर येऊन बसत नाही. बाबा तेव्हा सेहेचाळीस किलो होते. मी समजावलं, विनवण्या केल्या, ओरडले, अक्षरशः दाताच्या कण्या केल्या. बाबा ढिम्म.

एका गुरुवारी दुपारी आम्ही दोघं असेच समोरासमोर बसलो होतो. खिडकीतल्या पेल्यातून बुडबुडे वर आले आणि आईचा आवाज आला.

"मीठ कमी आहे."

मी चमचा खाली ठेवला. बाबा मात्र जराही दचकले नाहीत.

"बघ," ते मला म्हणाले, "कालपासून मी तेच म्हणतोय."

काल त्यांनी एक अक्षर काढलं नव्हतं.

"अहो, मीठ घ्या वरून आणि खा," कवळी म्हणाली. "गार होतंय. आणि सावकाश चावा."

बाबांनी मीठ घेतलं आणि खाल्लं. वाटीभर सूप, पावाचे दोन तुकडे, शिवाय अर्धं अंडं. मी घाबरायला हवं होतं, पण समोर बाबांच्या घशाखाली घास उतरताना दिसत होता, त्या नादात घाबरायचं राहूनच गेलं.

मग ते रोजचंच झालं. नाश्ता, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण, तिन्ही वेळा पेल्यातून हुकूम सुटायचे. बटाटा कच्चा आहे. पावाची कडक कड त्यांना देऊ नकोस. अहो, मान खाली घालून किती वेळ बसणार? बाबा मुकाट्याने ऐकायचे, चावायचे, मधूनच "हो गं, हो" म्हणून वैतागायचे. त्यांचा तो वैताग ऐकून मला इतकं बरं वाटायचं की काय सांगू. महिन्याभरात काटा अठ्ठेचाळीसवर आला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय केलंत? मी म्हटलं, मीठ वाढवलं.

एकदा बाबा हात धुवायला गेले तेव्हा मी पेल्याजवळ तोंड नेलं. "आई, मी आहे. बरी आहेस ना गं तिथे?"

बुडबुडे आले. "बटाटा अजून पाच मिनिटं ठेवत जा. त्यांना चाववत नाही."

मला राग आला. खोटं कशाला बोलू, खूप राग आला. सत्तेचाळीस वर्षं या बाईची मुलगी म्हणून काढली, आणि मेल्यावरही ती माझ्याशी बोलली ते बटाट्यावर. त्या दिवशी भांडी घासताना मी दोन कप फोडले.

पुढे जे झालं त्यात बाबांचा दोष नाही, हे आधीच सांगते. त्या सकाळी बाबांनी अंथरूण ओलं केलं होतं. आठवड्यात चौथ्यांदा. मी चादरी बदलल्या, त्यांना धुतलं, पुसलं, कपडे चढवले, आणि धावत पुढच्या खोलीत कामाच्या टेबलावर येऊन बसले. एका वृद्धाश्रमाच्या अकरा कवळ्या बारा वाजेपर्यंत द्यायच्या होत्या. गाडी येणार होती. मशीन सुरू होतं, कापडी चाक घरघरत होतं, तेवढ्यात बाबा पेला घेऊन आले. पाणी गढूळ झालं होतं.

"जरा विसळून दे," ते म्हणाले. "आवाज घोगरा येतोय तिचा."

"ठेवा तिथे," मी मान वर न करता म्हटलं. त्यांनी कवळी पाण्यातून काढली आणि अगदी नीट, बाकीच्या कवळ्यांच्या रांगेत ठेवली.

आमच्या धंद्यात एक शिस्त असते. मला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने ती पहिल्याच दिवशी माझ्या डोक्यात बसवली होती. टेबलावर आलेली कवळी पॉलिश केल्याशिवाय खाली उतरवायची नाही, मग ती कुणाचीही असो, कशासाठीही आलेली असो. सव्वीस वर्षं माझे हात तेच करत आलेत. आधी ओल्या प्युमिस पावडरीने घासायचं, मग कापडी चाक, मग चकाकीची पेस्ट. एका कवळीला चार मिनिटं. हातांना माझी गरज लागत नाही. डोकं कुठेही फिरायला मोकळं असतं, आणि त्या दिवशी ते चादरींवर फिरत होतं. आज धुवायच्या, उद्या धुवायच्या, परवा धुवायच्या. हे संपणार कधी? बाराच्या बारा कवळ्यांवर मी एवढाच विचार घासला.

मग मी मोजल्या. अकरा असायला हव्या होत्या.

आईच्या कवळीत उजव्या सुळ्याचा एक टवका उडालेला होता. शिवताना दोरा दाताने तोडायची खोड, त्यातून तो उडाला होता. मागच्या दाढांवर चहाचे डाग होते आणि डावी बाजू जास्त झिजलेली, कारण ती डावीकडूनच चावायची. आता टवका गुळगुळीत झाला होता, डाग गेले होते, आणि मी जन्मात केलं नसेल इतकं सुंदर पॉलिश त्या कवळीला झालं होतं.  नऊ वर्षांचं आईचं चावणं आणि बोलणं चार मिनिटांत पावडरीबरोबर धुऊन गेलं होतं.

दुपारी मी नव्या पाण्यात ती ठेवली. बाबांनी वाकून पाहिलं.

"पांढरी झालीय गं," ते म्हणाले.

 बाबा वाट बघत बसले. पेला गप्प. थोड्या वेळाने बाबा मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "आज मीठ कमी वाटतंय!" पेला गप्प. मग त्यांनी सूपमध्ये चार चमचे मीठ ओतलं आणि पेल्याकडे बघत राहिले, आता तरी ओरडेल म्हणून. मला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागलं.

तीन दिवस घास नाही. नुसतं पाणी. मी जमेल ते सगळं करून पाहिलं. कवळी चहात भिजवून डाग पाडले. कानस घेऊन सुळ्याचा टवका परत पाडला, डाव्या दाढा झिजवल्या. दिसायला अगदी आईची कवळी तयार झाली. पण ती आईने झिजवलेली नव्हती, माझ्या कानशीने झिजवलेली होती, आणि तो फरक माझ्याइतका कुणाला कळणार? तिसऱ्या संध्याकाळी काटा साडेसेहेचाळीसवर होता.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही बसलो. बाबांचा चमचा वाटीत फिरत होता. पेल्यातून बुडबुडे वर आले.

बाबांनी झटकन मान वर केली. त्यांचा तो चेहरा मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही.

"हे संपणार कधी?" कवळी म्हणाली.

आवाज आईचा नव्हता. माझा होता.

"खायचं तर खा, नाहीतर राहू द्या," तो आवाज म्हणाला. "पण एकदाचं काय ते होऊ दे. मला झोप हवी आहे, बाबा. मला चादरींचा वीट आलाय."

 मी तोंड घट्ट मिटून बसले होते आणि माझाच आवाज खिडकीतून येत होता, स्पष्ट, एकही शब्द न अडखळता. मी कारागीर चांगली आहे.

"बाबा, मी नाही बोलले ते," मी म्हटलं.

"हो," बाबा म्हणाले. "बघितलं मी. तुझे ओठ हलले नाहीत."

मग ते जेवले. सूप संपवलं, पाव संपवला, बटाटा संपवला, वाटी पावाच्या शेवटच्या तुकड्याने पुसून घेतली. बाबा असे कधीच जेवले नव्हते. परक्याच्या घरी पाहुणा जेवतो तसे ते जेवले, पानात काही न टाकता, यजमानाला वाईट वाटू नये म्हणून. जेवून झाल्यावर म्हणाले, "छान झालं होतं." इतक्या वर्षांत आईच्या हातच्या कशालाही त्यांनी छान म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

दुपारी चादर त्यांनी स्वतः धुतली. मी न्हाणीघरात गेले तेव्हा ते स्टुलावर बसून ती पिळत होते, पाणी कोपरांपर्यंत ओघळत होतं. मी हातातून घ्यायला गेले तर म्हणाले, "नको, तू जरा पड."

मी पेला उचलला आणि ओतून टाकायला निघाले. कवळी फडक्यात गुंडाळून खणाच्या तळाशी टाकायची, वाकली तर वाकू दे, असं ठरवलं होतं. बाबांनी मला थांबवलं. आवाज चढवला नाही, नुसतं म्हणाले, "राहू दे. तू एरवी कुठे काही सांगतेस? तुझ्या मनात नेमकं काय चाललंय ते मला तरी कळू दे."

म्हणून ती तिथेच आहे. बाबांचं वजन आता एकावन्न आहे. डॉक्टरीणबाई इतक्या खूश झाल्या की त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. नळीचं नाव आता कुणी काढत नाही. मला जे हवं होतं ते मिळालं, कुणीही माझ्याकडे बोट दाखवू शकणार नाही.

फक्त रोज दुपारी बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात, आत येत नाहीत. हातात स्वतःची वाटी असते, धुतलेली.

"जेवायला बसू का?" ते विचारतात. स्वतःच्या घरात.

आजही विचारलं. मी आज ठरवूनच ठेवलं होतं. हातातलं काम टाकलं, त्यांच्याकडे वळले आणि मनापासून म्हटलं, "बसा ना, बाबा. विचारता काय असं?" आणि त्याच क्षणी, त्याच आवाजात, खिडकीतून आलं, "लवकर आटपा."

दोन्ही मीच होते. बाबांनी दोन्ही ऐकलं, मला हसून मान डोलावली, आणि लवकर आटपलं.