चिघळली म्हणायचं नाही

दुखण्यासाठी मराठीत जेवढे शब्द आहेत, तेवढी औषधं जगात नाहीत. जखम ठणकते, ठुसठुसते, खपली धरते, भरून येते. हे मी शेजारच्या पुष्पलतावहिनींना सांगत होतो. त्या म्हणाल्या, "भावोजी, चहा निवला. आनि पुढचा शब्द काढू नका."

पुढचा शब्द होता चिघळणे. तारापूरकडच्या आमच्या मच्छीमारांच्या मांगेलआळीत तो भांडणाला चालतो, कोर्टातल्या दाव्याला चालतो. जखमेसमोर चालत नाही. नाव घेतलं की ती ओ देते, म्हणतात.

जखम वहिनींच्या नवऱ्याची, एकनाथची. शिंगाळा माशाचा काटा तळव्यात घुसलेला. त्यावर बापाचा उपाय ठरलेला: खाडीत पाय धरून बसायचं, खारं पाणी सगळं भरून काढतं. बापाच्या वेळी खाडीत फक्त खाडीच होती. आता बोईसरच्या कारखान्यांकडून नाला येतो, रोज वेगळ्या रंगाचा.

"अरे, वास बघ," मी म्हटलं.

"औषदाचाच येतो ना? मंग?"

सोमवारी तो अर्धा तास बसला. बुधवारी वहिनी म्हणाल्या, जखम जरा रुसलीय. म्हणून तो तासभर बसला. शुक्रवारी ती हट्टाला पेटली आणि चपलेत पाय जाईना. मग तो सकाळ-संध्याकाळ बसू लागला. त्याच्याशेजारी चिखलात तीन निवट्या मासोळ्या पोट वर करून पडल्या होत्या.

"झोपल्यात," एकनाथ म्हणाला.

रविवारी नडगीवरून एक जांभळी रेघ गुडघ्याकडे निघाली होती. होड्या चार दिवसांनी समुद्रात जायच्या होत्या. एकनाथ कुडकुडत जाळं शिवत होता, भर उन्हात.

मी रेघेकडे बघितलं आणि बोललो. "चिघळलीय, एकनाथ. आज पालघरच्या दवाखान्यात नाही गेलास तर पाय जाईल."

त्याच्या हातातली सुई थांबली. वहिनींनी पदर तोंडाला लावला.

"काढलात ना शेवटी," त्या म्हणाल्या, आणि त्याच पावली रिक्षा आणायला धावल्या. आठवडाभर बाई कुणीतरी बोलायची वाट बघत होती.

एकनाथला आम्ही उचलून रिक्षात बसवलं. अंग भट्टीसारखं तापलेलं. त्याने मला खुणेने जवळ बोलावलं. होडी माझ्या स्वाधीन करतो की काय, या धास्तीने मी वाकलो.

"भाऊ," तो कुजबुजला, "तेवढी बाटली भरून दे खाडीच्या पान्याची. पालघरला कुटं मिलनार?"