माजी रहिवासी

ज्याला सकाळी डोळे पुसत निरोप दिला, तो माणूस संध्याकाळी दारात उभा राहिला तर त्याच्याशी काय बोलायचं, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

दार बाईनं उघडलं होतं. ती जनावरांची डॉक्टर व्हायला या परक्या देशात आली होती. घरात वयानं आणि आवाजानं तीच मोठी, म्हणून तिचं नाव बाई पडलं होतं. तिच्या हातात चहाचा कप होता, आणि तो कप त्याचा होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या दोन बॅगांकडे, मग कपाकडे.

"काही विसरलास का?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. "जायचं विसरलो."

खरी हकिगत साधी होती. तो मातीचा अभ्यास करायचा. शेताशेतातून आणलेली माती प्रयोगशाळेच्या ओव्हनमध्ये वाळवायची, तोलायची आणि तिच्यात पाणी किती होतं ते काढायचं, यात त्याची दोन वर्षं गेली होती. प्रबंध देऊन झाला, बॅगा भरून झाल्या, आणि विमानतळावर सामान देण्याच्या रांगेत उभा असताना प्राध्यापकांचा फोन आला. ओव्हन शेवटी शेवटी चुकीचं तापमान दाखवत होता, हे त्याच सकाळी उघडकीला आलं होतं. शेवटची सगळी आकडेवारी बाद. माती पुन्हा आणून वाळवायची म्हणजे तीन महिने. जायचं तर जा, प्राध्यापक म्हणाले, पण पदवी इथंच राहील.

तो रांगेतून बाहेर पडला, बस पकडली आणि परत आला. येताना सबंध रस्ताभर त्याला एकच धीर होता की घर तर आहे.

घर होतं, पण ते सकाळचं नव्हतं.

बैठकीच्या खोलीत खिडकीजवळ त्याचा कोपरा होता. एक खुर्ची, एक दिवा आणि पाय ठेवायला पुस्तकांचा गठ्ठा. खिडकीबाहेर हाताच्या अंतरावर शेजारच्या घराची भिंत असल्यामुळे भर दुपारीही तिथं दिवा लावावा लागे, आणि त्यावरून वकील दोन वर्षं त्याच्याशी भांडत आला होता. आता खुर्ची पार समोरच्या भिंतीला गेली होती. टेबल आडवं झालं होतं. आणि त्याच्या कोपऱ्यात पुस्तकांचं उंच कपाट उभं होतं, जणू ते जन्मापासून तिथंच असावं.

कपाटाला पाठ टेकून वकील जमिनीवर बसला होता. तो अजून वकील झाला नव्हता, शिकत होता. पण बोलायचा असा की नाव आधीच मिळून गेलं होतं. त्याच्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या होत्या आणि कपाळावर घाम होता. त्याला पाहून वकील आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"हे नियमाला धरून नाही," तो शेवटी म्हणाला.

दारात उभा असलेला तो हसला, पण ते हसणं ओठांच्या आत गेलं नाही. त्याचं कारण आदल्या संध्याकाळचं भाषण होतं. निरोपाच्या जेवणानंतर सगळ्यांनी आग्रह केला तेव्हा वकील उभा राहिला होता. कुणाबद्दल चांगलं बोलायची वेळ आली की ज्याचा हात नेहमी आखडता, असा तो माणूस. घसा साफ करून म्हणाला होता, "हा गेला की या घरातलं घरपण जाईल. तथापि स्वयंपाकघर स्वच्छ राहील." सगळे दुसऱ्या वाक्याला हसले. त्यानं पहिलं वाक्य तेवढं घडी करून बॅगेत कपड्यांच्या वर ठेवलं होतं. आणि आता बघतो तर घरपण जायला एक दिवसही लागला नव्हता. खुर्ची हलवली, कपाट लावलं, झालं.

तेवढ्यात घरून आईचा फोन आला. त्यानं सगळं सांगितलं.

"बरं, आत्याला काय सांगू?" तिनं विचारलं. "ती गाडीत बसली पण तुला घ्यायला."

"उतरायला सांग."

"तुझी आत्या एकदा बसली की उतरते का? येऊ दे. आली की चार दिवस राहील. तू नाहीस तर तुझ्या नावानं जेवेल." मग हलक्या आवाजात म्हणाली, "तिथं राहायला जागा आहे ना रे?"

"आहे की," तो कपाटाकडे बघत म्हणाला.

जागा म्हणजे बैठकीच्या खोलीतला सोफा. त्याची खोली दुसऱ्याला देऊन झाली होती आणि चारच दिवसांत नवा भाडेकरू आला. ते एका महाविद्यालयातले पंचेचाळिशीचे सर होते, अभ्यासासाठी रजा घेऊन आलेले. सगळ्यांशी अहो-जाहो करणारे, बाथरूममधून निघताना आरसा पुसणारे. सोफ्यावर माणूस पाहून त्यांचा जीव कासावीस झाला.

"तुम्ही पलंगावर झोपा ना," ते रोज म्हणायचे. "मूळ पलंग तुमचा."

"मूळचं आता काही नाही, सर," वकील म्हणाला. "हे माजी आहेत. विद्यमान तुम्ही."

नाव तिथंच चिकटलं. माजी आणि विद्यमान. निवडणूक कधी झाली आणि आपण कधी पडलो, हे माजीला कळलं नाही. बाई फोनवर मैत्रिणींना सांगायची, "आमचे माजी सध्या सोफ्यावरून कारभार बघतात." भांडी घासायची पाळी त्याचीच आली तेव्हा वकील म्हणाला, "माजींना तेवढंच जनसंपर्काचं निमित्त." आणि विद्यमान सर शेजारी फडकं घेऊन उभे राहायचे, भांडी पुसायचे आणि दर ताटाला माफी मागायचे.

वाटून दिलेल्या वस्तू हळूहळू परत आल्या. उशी आली. जाड कोट बाईकडून आला, खिशात कुत्र्याची बिस्किटं घेऊन. कप मात्र बाईनं दिला नाही. एकदा दिलेलं दान परत घेतलं की पुढच्या जन्मी काय होतं ते तिला माहीत आहे, असं तिनं सांगितलं. काय होतं म्हणून विचारलं तर म्हणाली, "माझ्याकडे पेशंट म्हणून येतो."

कोपरा त्यानं स्वतःच परत घेतला. एका दुपारी सगळे बाहेर असताना कपाट ओढून जुन्या जागी नेलं, खुर्ची आणली, दिवा लावला. संध्याकाळी वकील आला, दाराशी थबकला, दिव्याकडे बघून म्हणाला, "विजेचं बिल पुन्हा वाढणार." दुसरं काही नाही.

माजी दिवसा प्रयोगशाळेत माती वाळवायचा आणि संध्याकाळी त्या खुर्चीत बसून आकडे मांडायचा. काम नीट चाललं होतं. नवा ओव्हन खरं बोलत होता. पण एक गोष्ट त्याच्या मनातून जाईना. आपण दोन वर्षं राहिलो, हसलो, या लोकांच्या तापात डोकी चेपली, ते सगळं एका दुपारीत पुसून निघण्याजोगं होतं का? परीक्षा करायला मार्ग नव्हता. आपण गेल्यावर कुणाला आपली आठवण येते का हे बघायचं तर आधी जायला हवं, आणि तो तर गेलाच नव्हता.

एकदा तांदूळ निवडता निवडता त्यानं विषय काढला. "त्या दिवशी भाषणात ते घरपणाचं म्हणालास..."

"कोणत्या दिवशी?"

"निरोपाच्या."

"निरोपाच्या भाषणातलं विधान पुरावा म्हणून धरत नाहीत," वकील म्हणाला. "ते भावनेच्या भरात केलेलं असतं. त्यात समोरचा माणूस दुसऱ्या दिवशी देश सोडेल असा विश्वास दिलेला असतो. तू विश्वासघात केलास."

"म्हणजे खोटं होतं?"

"मी असं म्हटलं का? मी म्हटलं, पुरावा म्हणून धरत नाहीत. तो खडा काढ, तुझ्या बोटाखाली आहे."

माजीनं खडा काढला आणि पुन्हा विचारलं नाही.

तीन महिने सरत आले. आकडे जुळले, प्राध्यापकांनी हात मिळवला, तिकीट झालं. विद्यमान सर उत्साहात आले. निरोपाचं जेवण करू या, म्हणाले, आपल्याला तर मागचं बघायलाही मिळालं नाही.

"होणार नाही," वकील म्हणाला. "एका माणसाला एकच निरोप असतो. मागच्या वेळचा त्यानं वापरला नाही, यात आमचा दोष नाही."

"अहो पण..."

"सर, मागच्या वेळी बाई रडली होती. मी भाषण केलं होतं. शेजारची म्हातारी बिचारी जिन्यात उभी राहून हात हलवत होती. आता पुन्हा कोणत्या तोंडानं तिला बोलवायचं?"

बाईनं मान डोलावली. माजीही हसला आणि म्हणाला, बरोबर आहे, काही नको. पण त्या दिवशी तो सोफ्यावर भिंतीकडे तोंड करून झोपला.

निघायच्या आदल्या दुपारी तो आणि बाई दोघेच घरात होते. ती कणीक मळत होती, तो बॅगेची चेन ओढत होता.

"एक आत्ताच सांगते," बाई म्हणाली. "या वेळी फर्निचर हलवायला मी नाही. त्याला सांग, विद्यमानांना धर म्हणावं. माझा खांदा अजून दुखतो."

"कसलं फर्निचर?"

"मागच्या वेळी हलवलं ते. तुझी बस कोपऱ्यावरून वळली पण नसेल. घरात येतो काय, तुझी खुर्ची उचलतो काय. आधी खिडकीपासून जरा लांब ठेवली. मग स्वयंपाकघराच्या दाराशी. असं करत दुपार झाली, मग म्हणाला टेबल आडवं करू. मी म्हटलं, काय रे, घर विकायला काढलंस का? तर म्हणाला, अजून दिसतंय."

"काय दिसतंय?"

"मी पण तेच विचारलं. म्हणाला, तू कपाट धर." तिनं कणकेला एक गुद्दा दिला. "पुस्तकांसकट, हं. एक पुस्तक काढू देईना. संध्याकाळी कपाट कोपऱ्यात बसलं तेव्हा कुठं खाली बसला. आणि दहा मिनिटांत तू दारात. आठवडाभर कंबर धरून हिंडत होता, तुला म्हणे ग्रंथालयात जिन्यावरून पडलो. तू विचारलंस पण नाहीस नीट."

माजीनं चेन ओढली. ती कपड्यात अडकली होती. त्यानं ती परत मागे घेतली, कापड सोडवलं आणि पुन्हा ओढली.

"मला वाटलं," तो म्हणाला, "तुम्ही जागा मोकळी करून घेतलीत."

"आम्हाला जागा कशाला?" बाई म्हणाली. "तिथं तर अंधार असतो."

दुसऱ्या दिवशी वकील सकाळीच कॉलेजला गेला आणि बस पकडायला वेळेवर येतो असं सांगून गेला. माजीनं विद्यमान सरांना हाक मारली. दोघांनी मिळून आधी पुस्तकं काढली, मग कपाट ओढलं, मग पुस्तकं पुन्हा लावली. सरांनी विषयवार लावू का म्हणून विचारलं, आणि नको म्हटल्यावर थोडे खट्टू झाले. खुर्ची समोरच्या भिंतीला गेली. टेबल आडवं झालं. दिव्याची वायर गुंडाळून माजीनं दिवा सरांना देऊन टाकला.

वकील आला. दाराशी थबकला.

"हे काय?"

"कपाट."

"ते दिसतंय. तिकडे का?"

"तुझ्या कंबरेसाठी," माजी म्हणाला. "जिन्यावरून पडू नयेस पुन्हा."

वकिलानं बाईकडे पाहिलं. बाई आपल्या पिशवीत काहीतरी फार बारकाईनं शोधू लागली.

"तिची साक्ष ग्राह्य नाही," वकील म्हणाला. "तिचे सगळे पेशंट चार पायांचे असतात. कुणी उलट बोलत नाही, म्हणून काहीही सांगायची सवय लागलीय." पण त्यानं दोन्हींपैकी जड बॅग उचलली आणि जिना उतरायला लागला. विद्यमान सरांनी दारातच हात जोडले, चुकलं माकलं माफ करा म्हणाले, आणि पलंगाबद्दल एकदा शेवटचं वाईट वाटून घेतलं.

बस थांब्यावर तिघे उभे राहिले. भाषण झालं नाही. बाईनं कोटाचे खिसे चाचपले आणि एक बिस्किट परत घेतलं. बस आली.

"पोचलास की कळव," वकील म्हणाला. बॅग आत सरकवली आणि पुढे म्हणाला, "आणि या वेळी पोच."

बस कोपऱ्यावरून वळली तेव्हा माजीनं मागे वळून पाहिलं. वकील घराकडे निघालाही होता, जरा घाईत.

विमानतळावर सामान गेलं, तपासणी झाली. प्राध्यापकांचा फोन आला नाही. विमानात चढायच्या रांगेत उभा असताना फोन थरथरला. वकिलानं फोटो पाठवला होता. बैठकीची खोली. कपाट जुन्या जागी, टेबल उभं, खुर्ची खिडकीजवळ. पाय ठेवायला पुस्तकांचा गठ्ठासुद्धा होता. खुर्चीवर कुणी बसलेलं नव्हतं. सरांकडून दिवाही परत आणला होता, आणि तो लावलेला होता.

खाली लिहिलं होतं, "कपाटानं उजेड अडत होता."

माजीनं फोटो दोनदा मोठा करून पाहिला. खिडकीबाहेर शेजारची भिंत तशीच होती. त्यानं लिहिलं, "त्या खिडकीत उजेड कधी होता?"

वकील लिहितोय असं फोनवर बराच वेळ दिसत राहिलं आणि पुसलं जात राहिलं. मग आलं. एकच शब्द होता, त्या भाषणातला: "तथापि."

पुढे काही येतं का म्हणून तो स्क्रीनकडे बघत राहिला. रांग पुढे सरकली, मागच्या माणसानं घसा खाकरला, आणि प्राध्यापकांना काही आठवायच्या आत माजीनं फोन बंद केला.