कुत्र्याच्या खोलीतली वीट

थॅकरींचं थोरलं घर यंदा सव्हाना शहरातल्या डिझायनरांनी खोल्या वाटून घेऊन नटवलं होतं. तिकीट काढून बघायचं. उन्हाळ्यात ते विकलं जाणार, म्हणून लुवेनिया आत्या म्हणाली, "पोरी, याच आठवड्यात जायचं. माझ्या गुडघ्यांचा भरवसा नाही, नव्या मालकाचा तर मुळीच नाही."

आत्याला दाखवायची होती एक वीट. मागच्या स्वयंपाकघरात, चुलाण्याच्या डाव्या अंगाला. आत्याच्या आजीची आजी डिली, थॅकरींची गुलाम. ओल्या विटा उन्हात उलटायचं काम पोरींकडे. एका विटेत तिची तीन बोटं रुतली, माती भाजली, बोटं राहिली. कशावरून तिचीच, असं कुणी विचारलं की आत्या विचारते, "मग कुणाची?" आत्याची आई त्या चुलाण्यावर रांधायची, तेव्हा लहानग्या आत्यानं त्या खळग्यांत बोटं घातली होती. माझी घालायची राहिली होती.

दाराशी बुटांवर कागदी पिशव्या चढवायला लावल्या, छातीवर नावाची चिठ्ठी.

"पूर्वी आपल्या काळ्या माणसांना पुढच्या दारानं घेत नव्हते," आत्या म्हणाली. "आता घेतात, पण पाय झाकून."

आत पुस्तकं पाठमोरी लावलेली, रंगाला रंग मिळावा म्हणून. दिवाणखान्यात चांदीच्या कलशात कापसाची बोंडं.

"ही वेचली कुणी?" आत्यानं विचारलं.

"ऑनलाइन मागवली," तिथली बाई हसून म्हणाली.

मागचं स्वयंपाकघर आता कुत्र्याची खोली झालं होतं. पितळी टब, मखमली गादी, चुलाण्यावर सेनापतीच्या पोशाखातल्या कुत्र्याचं तैलचित्र. आणि भिंती पांढऱ्याफेक, दुधात बुडवून काढल्यासारख्या.

"या विटा फार बडबड करत होत्या," डिझायनर टिन्स्ली म्हणाली. "मी त्यांना शांत केलं."

"देव तुझं भलं करो, बाई," आत्या म्हणाली. आमच्याकडे हे ज्याला ऐकवतात त्याचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

मग ती सावकाश त्या मखमली गादीवर बसली.

"लुवेनिया, तिथे बसायचं नाही," टिन्स्लीनं चिठ्ठी वाचून म्हटलं.

"मिसेस प्रॉक्टर," आत्यानं दुरुस्त केलं.

"मिसेस प्रॉक्टर, ती कुत्र्याची जागा आहे."

"कुठंय कुत्रा?"

"कुत्रा नाहीये. ती कल्पना आहे."

"मग कल्पना आली की उठते."

डोळे मिटून आत्या भिंत चाचपू लागली, अंधारात निजलेल्या लेकराचं तोंड चाचपावं तशी. हात थांबला. तिनं लग्नाची अंगठी काढली आणि तिच्या कडेनं रंग खरवडायला लागली. पांढऱ्यातून तांबडं डोकावलं. तीन खळगे.

"अरे देवा," टिन्स्ली पुटपुटली. "उद्या बुजवून घ्यावं लागणार."

मी खाली बसले, बोटं लावली. जाईनात. डिली केवढीशी असेल.

"करंगळी घाल," आत्या म्हणाली. करंगळी गेली.

मागे रांग तुंबली होती. एक टोपीवाली बाई वाकून म्हणाली, "एवढ्या पांढऱ्यात हा एकच तांबडा ठिपका. किती धाडसी. मुद्दाम ठेवलात?"

टिन्स्लीनं रांगेकडे पाहिलं, उंचावलेल्या फोनांकडे पाहिलं. "अर्थात," ती म्हणाली. "सगळ्या खोलीचा जीवच तो आहे."

"रंगाचं नाव काय?"

टिन्स्ली फोनात रंगांची यादी चाळू लागली.

"डिली," मी करंगळी न काढता म्हणाले.

टोपीवालीनं फोनात टिपून घेतलं आणि हा रंग कुठल्या दुकानात मिळेल म्हणून विचारलं.