दोनदा, मग थांबून एकदा

मी काचेची तार बोलतेय. केसाएवढी बारीक, पण मला उलगडलंत तर गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचेन. सध्या एका रिळावर गुंडाळून प्रयोगशाळेच्या टेबलावर बसले आहे.

भट्टीतून मला ओढून काढलं, तेव्हा वाटलं होतं, मी लोकांची बोलणी वाहून नेणार. पण काम निराळंच मिळालं. लेझरचा उजेड माझ्यात शिरतो आणि फिरून फिरून उशिरा बाहेर पडतो. तिथे त्याची वीज होते, आणि ती वीज त्याच लेझरला पुन्हा डिवचते. फोनवर आपलाच आवाज मागून ऐकू आला की तुम्ही अडखळता ना, तसा तो उजेड बावचळतो. त्या विजेची पडद्यावर उमटणारी रेघ सैरभैर नाचते. एकदा काढलेली नक्षी ती पुन्हा काढत नाही.

हा प्रयोग मांडणारे सर रोज आल्यावर माझ्या रिळावर नखाने वाजवत. दोनदा, मग थांबून एकदा.

"काय बाईसाहेब, काय म्हणताय?"

मी हलले की रेघही दचके.

"सर, बिघडेल ना ती!" त्यांची विद्यार्थिनी, ताई, ओरडे.

"अगं, वेडीला आणखी काय वेड लागणार?"

मग सर आजारी पडले, आणि गेले.

काही दिवसांनी रेघ तशीच दचकली. दोनदा, मग थांबून एकदा. ताईचा चेहरा पांढराफटक पडला. पुढे रोजच तसं होऊ लागलं. ती हळूच विचारी, "आलात?"

"तारेला तडा गेलाय," नव्या मॅडम म्हणाल्या. "फेकून दे."

"नको ना मॅडम. सरांची आहे ती."

"म्हणून काय उराशी धरून बसायचं?"

मला खरं ठाऊक होतं. विचारात बुडाली की ताईचंच बोट माझ्यावर वाजे, अगदी सरांसारखं. तिला पत्ताच नसे. एका दुपारी रेघ दचकली आणि तिची नजर खाली गेली. बोट अजून रिळावरच होतं.

"म्हणजे मीच?" ती हसली, मग रडली. मॅडमना जाऊन म्हणाली, "तडा नाहीये. माझीच खोड आहे."

"मग हात आवर," मॅडम म्हणाल्या. मी वाचले.

तेव्हापासून ताई हात मांडीवर ठेवून बसते. रेघेकडे बघते, पण काही विचारत नाही.

आज भर दुपारी रेघ दचकली. दोनदा. मग थांबून एकदा.

ताईने मांडीवरचे दोन्ही हात उचलून डोळ्यांसमोर धरले. मग माझ्याकडे पाहिलं.

या खोलीत आलात, तर कृपा करून मला हात लावू नका. मी आपणहून काही केलेलं नाही. माझ्यातून उजेड उशिरा येतो, एवढंच मला माहीत आहे. किती उशिरा, ते मात्र आता मला सांगता येत नाही.