तांदळात लिहिलेलं नाव

उज्जैनच्या मराठी घरांत कागदाचं काही अडलं की लोक यज्ञेश्वर दप्तरदारांकडे जात. तहसिलीच्या रेकॉर्ड रूममध्ये चौतीस वर्षं घासलेला माणूस. पूर्वज शिंद्यांच्या दरबारात दप्तर सांभाळायचे, हे तो तुम्हाला पहिला चहा संपायच्या आत सांगणार म्हणजे सांगणारच. वारसाचा दाखला असो की पेन्शन, माधव नगरातल्या त्यांच्या घरी जायचं आणि "काका, जरा बघून द्या ना" म्हणायचं. काका बघून द्यायचे. पैसा घेत नसत, पण चार शब्द ऐकवल्याशिवाय सोडतही नसत. "कागद म्हणजे काय पोरखेळ वाटला का तुम्हाला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आणि अशा माणसाने पोटच्या मुलाचं लग्न नोंदवलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पत्रिका छापल्या, सातशे पानं उठली, अख्ख्या गावाने अक्षता टाकल्या, आता आणखी कुणाला पुरावा द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. त्या लग्नात आल्हादने तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहिलं, निहारिका. माहेरची ती मीरा. काकांच्या मनात आपल्या आईचं नाव होतं, पण पठ्ठ्याने कुणाला विचारलं नाही. काका दोन दिवस रुसले. मग त्यांनी स्वतः खेटे घालून सुनेचं आधार, बँकेचं खातं, पासपोर्ट, सगळं निहारिका आल्हाद दप्तरदार या नावाने करून आणलं. नर्सिंगचा डिप्लोमा तेवढा मीरा या नावाने राहिला. "तो बदलत नसतो, आणि बदलायचं कामही नाही," काका म्हणाले.

चार वर्षांनी आल्हाद इंदूर रोडवर अपघातात गेला. राम घाटावर काकांनीच त्याचं सगळं केलं. लग्नातल्या त्या तांदळांची डबी त्याच्या आईने, सुलभाकाकूंनी, देवघरात ठेवली होती, ती तिथेच राहिली.

सून माहेरी गेली नाही. फ्रीगंजमधल्या एका खाजगी हॉस्पिटलात ती ड्यूटी करायची, घरी येऊन काकूंच्या गुडघ्यांना तेल लावायची आणि कानात इयरफोन घालून जर्मन शिकायची. दीड वर्ष शिकली. जर्मनीतल्या एका वृद्धाश्रमाला बाहेरच्या देशांतल्या नर्स हव्या होत्या. डिसेंबरात मुलाखत झाली आणि तिची निवड झाली. त्या दिवशी ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, मला घेतलं त्यांनी." तीन वर्षांत त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं. काकूंनी साखरेचा डबा काढला. काकांनीही साखर तोंडात टाकली, पण ती गोड लागली नाही हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

जानेवारीत तिकडच्या मॅनेजरबाईंचं पत्र आलं. वर्क परमिटचा अर्ज आम्ही इथून करतो, पण डिप्लोमावरची मीरा आणि पासपोर्टवरची निहारिका ही एकच बाई आहे, याचा सरकारी कागद हवा. किंवा दोन्हीकडे एकच नाव हवं. एकतीस मार्चपर्यंत फाइल पूर्ण झाली नाही तर जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.

"बाबा, तुम्हीच बघा," ती म्हणाली. "यातलं मला काय कळतंय." घरातले सगळे कागद काकांच्या लोखंडी पेटीत. तिचेसुद्धा. तशीच पद्धत होती.

काका फ्रीगंजमध्ये विक्रांतकडे गेले. परदेशी नोकऱ्यांची कागदपत्रं करून देणारा हा पोरगा ओळखीतलाच, आल्हादला दादा म्हणणारा.

"काका, दोन रस्ते आहेत," विक्रांत म्हणाला. "पहिला सीधा. वहिनींचा पासपोर्ट माहेरच्या नावाने परत करून घ्यायचा. दादाचं डेथ सर्टिफिकेट लावायचं, अॅफिडेव्हिट, पेपरात जाहिरात. पाच-सहा हफ्त्यांत होऊन जाईल. दुसरा म्हणजे हेच नाव ठेवायचं आणि भोपाळहून गॅझेट करून आणायचं. पण तुमच्याकडे मॅरेज सर्टिफिकेट नाही ना. खूप चक्कर लागतील. चार महिने धरून चला, तेही गॅरंटी नाही. वहिनींना विचारून घ्या एकदा."

काकांनी मान हलवली. परतताना रस्ता रुंद करायला खणून ठेवलेला होता, म्हणून पायीच निघाले. डोक्यात ती जाहिरात आपोआप तयार होत होती. मी, निहारिका आल्हाद दप्तरदार, यापुढे मीरा या नावाने ओळखली जाईन. अशा शेकडो जाहिराती त्यांनी लोकांना लिहून दिल्या होत्या. त्या वाक्यातून आपला मुलगा एका ओळीत निघून जातो, हे त्यांना तेव्हा कधी दिसलं नव्हतं. ते एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले.

घरी आल्यावर सुनेने विचारलं, "काय म्हणाला विक्रांत?"

"एकच रस्ता आहे," काका म्हणाले. "गॅझेट."

खोटं ते तेवढंच बोलले. त्यानंतरची धावपळ मात्र सगळी खरी होती. भोपाळच्या पाच फेऱ्या झाल्या. लग्न लावणाऱ्या भटजींचा जबाब घेतला, अल्बममधले फोटो काढून चिकटवले, दोन साक्षीदारांना रिक्षात घालून नोटरीकडे नेलं. बहात्तराव्या वर्षी माणूस उन्हात रांगेत उभा राहायचा. सूनच म्हणायची, "बाबा, किती करता माझ्यासाठी." तेव्हा काका पेटीकडे वळायचे आणि उगीच कागद लावत बसायचे. पेटीच्या तळाशी डेथ सर्टिफिकेट होतं. सहा आठवडे उरले आहेत, पाच उरले आहेत, हे त्यांना रोज कळत होतं. उद्या सांगू म्हणत ते गप्प राहिले.

मार्चमध्ये तिने गरम कपडे आणले. रोज ड्यूटीवरून आली की चप्पल काढता काढता विचारायची, "काही आलं का?" एकतीस तारखेला तिने विचारलं नाही.

चार एप्रिलला मेल आला. जागा भरली आहे, यंदा आणखी भरती नाही, तुम्हाला शुभेच्छा. तिने तो दोनदा वाचला, गरम कपडे पिशवीत भरले आणि माळ्यावर टाकले. रडली नाही. काकूच रडल्या.

पंधरवड्याने गॅझेट आलं. मीरा आणि निहारिका ही एकच व्यक्ती असल्याचं त्यात छापलं होतं. एक काना-मात्रा चुकली नव्हती. ते हातात घेऊन काका जेवणघरात उभे राहिले. सून डबा भरत होती.

"दुसरा रस्ता होता," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून होता. सहा आठवड्यांचा."

तिचा हात थांबला. "मग?"

"त्यात तुझं नाव गेलं असतं."

"माझं?" ती म्हणाली. "माझं तर परत आलं असतं, बाबा."

काकांनी हातातल्या गॅझेटची घडी घातली.

"मी कदाचित थांबलेही असते," ती हळू आवाजात म्हणाली. "आईंचे गुडघे, तुमचं वय, सगळं बघून थांबले असते. पण मला विचारायचं तरी." तिने डब्याचं झाकण लावलं. "माझे कागद मला द्या."

काकांनी पेटी उघडली. डिप्लोमा, पासपोर्ट, आधार, अनुभवाचे दाखले. डेथ सर्टिफिकेट त्यांनी सगळ्यात शेवटी काढलं. तिने तोही कागद घेतला, सगळे एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातले आणि फोल्डर ड्यूटीच्या बॅगेत ठेवला.

ती दारापर्यंत गेली तेव्हा काकांनी हाक मारली. "मीरा."

लग्नाला सात वर्षं झाली होती. त्या घरात हे नाव कुणी पहिल्यांदाच घेत होतं. तिने चपलेत पाय घातला आणि मागे न बघता म्हणाली, "आता कशाला, बाबा?"

सुलभाकाकूंनी देवघरातली डबी आणून तिच्यापुढे धरली. हेही तुझंच आहे ना, म्हणाल्या. तिने डबीला नमस्कार केला, सासूच्या हाताची बोटं मिटवून डबी त्यांच्याजवळच राहू दिली आणि ड्यूटीवर निघून गेली.